ठकी की देवी?

जमिनीखालून बाई निघाली की तिला देवी म्हणायचं, अशी विद्वानांची एक जुनी रीत आहे. पुरुष निघाला तर ते विचार करतात. राजा असेल, पुजारी असेल, शेतकरी असेल, उगाच कुणाची तरी वाट पाहत उभा राहिलेला इसम असेल. बाई निघाली की विचाराचं कामच संपतं. मातृदेवता! जमिनीच्या वर असताना जिला आमटीत मीठ कमी पडल्याबद्दल ऐकून घ्यावं लागतं, तिला एवढा मान मिळवायचा तर निदान तीन हजार वर्षं पुरून घ्यावं लागतं.

याला अपवाद मोहेंजोदडोची ती ब्राँझची पोरगी. एक हात कमरेवर, मान किंचित वर, चेहऱ्यावर 'बघतेच तुला' असा भाव. तिला विद्वानांनी देवी केलं नाही, नर्तकी केलं. आमच्या सोनपेठेत नळाला पाणी उशिरा आलं, की अशा दहा-बारा नर्तकी घागरी घेऊन कोपऱ्यावर उभ्या असतात. त्या नाचण्याच्या मनःस्थितीत आहेत असं आजवर कुणी म्हणालेलं नाही.

मी पुरातत्त्वाचा माणूस नव्हे. उत्खननाशी माझा संबंध नळाची फुटलेली पाइपलाइन शोधण्यापुरताच. परंतु दोन वर्षांपूर्वी एका घरगुती भानगडीपायी (ती पुढं सांगतोच) मला या मातीच्या, दगडाच्या, हस्तिदंताच्या बायकांचा नाद लागला. मी परभणीहून, पुण्याहून पुस्तकं मागवू लागलो. त्यांतली चित्रं पाहून आमच्याकडं आलेले पाहुणे आधी चष्मा काढत आणि मग विषय काढत. "यांना आता या वयात बायकांचं वेड लागलंय," असा खुलासा स्वयंपाकघरातून परस्पर व्हायचा.

आपल्या महाराष्ट्रातली यांतली सर्वांत गाजलेली बाई इनामगावची. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. तिथं सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केलं आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतलं शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव वर काढलं. कुडाच्या भिंती, चुली, धान्याची पेवं, शंभराहून अधिक घरं. त्यांतल्या एका घराच्या जमिनीत मातीचा एक लांबोडका डबा पुरलेला सापडला. डब्याला झाकण. डब्याच्या आत-बाहेर मिळून दोन मातीच्या बायका आणि एक बैल. दोघींपैकी एकीला डोकं आहे, दुसरीला नाही. मोडलेलं नव्हे, मुळातच नाही. तिच्या पोटात एक भोक, बैलाच्या पाठीत एक भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. वय सुमारे ३३०० वर्षं.

आता गंमत पाहा. ही माणसं मडकी भाजण्यात वस्ताद होती. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून त्यांच्या भांड्यांना 'जोर्वे भांडी' म्हणतात. लाल अंगावर काळी नक्षी, आणि टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. अशा माणसांनी ही बाई मात्र कच्च्या मातीची ठेवली. म्हणजे ती टिकावी अशी अपेक्षाच नव्हती? आपल्याकडं हरतालिकेला पार्वती आणि तिची सखी अशा दोघी कच्च्याच आणतात, रात्रभर जागवतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडतात. तसलंच काही असेल. पण पाण्यात सोडायची होती तर डब्यात घालून, झाकण लावून, घराच्या जमिनीत पुरली का? माणूस एक तर जपतो किंवा सोडतो. इथं दोन्ही एकदम.

त्याच घरांच्या जमिनींखाली आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांच्या आत तान्हं मूल. इनामगावात दोनशेंहून अधिक दफनं सापडली. त्यांत बहुतेक मुलंच. गावाबाहेर नाही, नदीकाठी नाही, घरात. वर चूल पेटत असेल, कुणी दळत असेल, थोरलं भावंड रांगत असेल, रात्री आई त्याच जमिनीवर आडवी होत असेल. ही डबीतली बाई मुलांना सांभाळणारी देवी असावी, असा एक तर्क अभ्यासकांनी केला, तो यामुळंच. पाचवीच्या रात्री सटवाईपुढं कोरा कागद नि लेखणी ठेवणाऱ्या आपल्याला हा तर्क पटायला वेळ लागत नाही. मला तर इतका पटला, की त्याबद्दल संशयच येऊ लागला.

कारण पटणारे तर्क सगळीकडंच आहेत. ऑस्ट्रियातल्या विलेनडॉर्फ गावी १९०८ साली एक दगडी बाई सापडली. उंची ११ सेंटिमीटर, वय सुमारे तीस हजार वर्षं. पोट, नितंब, छाती सगळं भरघोस. चेहरा मात्र नाहीच, डोक्यावर नुसत्या वेणीसारख्या रांगा. सापडवणारांनी तिला 'व्हीनस' म्हटलं. यात थोडी चेष्टाच होती असं मला वाटतं. अलीकडं, २०२२ साली, तिच्या दगडाची तपासणी झाली, तेव्हा तो बहुधा उत्तर इटलीतला निघाला. म्हणजे ही बाई, किंवा निदान तिचा दगड, शेकडो मैल कुणाच्या तरी झोळीतून चालत आला. देवी होती म्हणून? नवस होता म्हणून? की पोरगं रडत होतं म्हणून? जर्मनीतल्या होलं फेल्स गुहेत २००८ साली मॅमथच्या दातात कोरलेली हिच्याहूनही जुनी बाई मिळाली. तिला डोक्याच्या जागी चक्क कडी आहे. दोरा ओवून गळ्यात घालायची सोय!

लेरॉय मॅकडरमॉट आणि कॅथरीन मॅकॉइड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९६ साली मात्र सगळ्यांच्या वरताण तर्क केला. ते म्हणाले, या मूर्ती बायकांनीच घडवल्या आणि स्वतःच्याच घडवल्या. आरसा नव्हता. उभ्या बाईनं मान खाली घालून स्वतःकडं पाहिलं तर काय दिसेल? छाती मोठी, पोट त्याहून मोठं, पाय निमुळते होत नाहीसे झालेले, आणि चेहरा? स्वतःचा चेहरा स्वतःला दिसतच नाही!

मी तत्काळ ओसरीवर उभा राहून मान खाली घातली. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला. पोट दिसलं आणि पोटाच्या पलीकडं काहीही दिसलं नाही. या हिशेबानं साठीनंतरचा प्रत्येक मराठी पेन्शनर ही सुपीकतेची देवता ठरते. इतक्यात ही बाहेर आली.

"काय शोधायलात? काही पडलं का?"

मी तर्क समजावून सांगितला. तिनं पदराला हात पुसत ऐकून घेतला आणि विचारलं, "ती दगडाची बाई सापडली कधी म्हणालात?"

"१९०८."

"आणि यांना हे सुचलं कधी?"

"१९९६."

"अठ्ठ्याऐंशी वर्षांत एखाद्या दिवस गेलेल्या बाईला विचारलं असतं तर तिनंच नसतं का सांगितलं?" असं म्हणून ती आत गेली. पुढं या तर्कावरही आक्षेप आले, सगळ्या मूर्ती अशा जाड नाहीत वगैरे. पण एवढा नेमका आक्षेप मला कुठल्याही पुस्तकात आढळला नाही.

विद्वानांचे ढोबळ दोन पंथ आहेत. मारिया गिंबुटास बाईंनी युरोपातल्या शेकडो मूर्ती जमवून एकाच महादेवीचं राज्य उभं केलं. त्याच सुमाराला पीटर अक्को यांचं म्हणणं असं, की बाबांनो, कुठं सापडली, कशी झिजली, मोडली कशी, हे आधी पाहा. यांतल्या कित्येक नुसत्या बाहुल्याही असतील. देवी की बाहुली, यावर दोन्हीकडून एवढी शाई सांडली, पण मधल्या गल्लीत कुणी फारसं शिरत नाही. ती गल्ली आमच्या घरावरून जाते.

समजा, तीन हजार वर्षांनी एखाद्या पंडितानं आमचं सोनपेठचं घर खणलं. त्याला काय मिळेल? पत्र्याच्या दोन उंच कोठ्या, स्त्रीच्या मापाच्या, डोकं नसलेल्या. आणि दुसऱ्या खोलीत सागवानी पेटीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बाईची दोन पितळी डोकी! झालं. 'या घरात दोन राण्यांचा शिरच्छेद झाला असावा.' मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको, की या आमच्या महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. वर्षाचे तीन दिवस त्यांना डोकी असतात, साड्या असतात, पुढ्यात पिलवंडं असतात, सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो. उरलेले तीनशे बासष्ट दिवस त्याच कोठ्यांत आम्ही गहू ठेवतो. आता ती कोठी देवी आहे की कणगी? भाद्रपदात विचारलंत तर एक उत्तर, चैत्रात विचारलंत तर दुसरं, आणि दोन्ही खरी.

त्याच पंडिताला ओसरीच्या कोपऱ्यात मातीचे बैल मिळतील. पोळ्याला सकाळी त्यांच्या शिंगांना रंग, गळ्यात माळ, पुढ्यात पुरणपोळी. संध्याकाळी त्यांतला एक शेजारच्या पोराच्या हातात, दुसऱ्याचं शिंग मोडलेलं. सकाळचं दैवत संध्याकाळी खेळणं होतं आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. खाटेखाली आणखी एक प्लास्टिकची बाहुली मिळेल, डोकं नसलेली. पाच वर्षांच्या आतलं मूल ज्या घरात आहे तिथं डोकं असलेली बाहुली सापडणं हाच चमत्कार. परंतु पंडित लिहील: 'बैल आणि शिरोहीन स्त्री यांची एकत्र उपासना या भागात दीर्घकाळ टिकून होती.' आणि इनामगावची टीप जोडील.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. चेक देशात दोल्नी व्हेस्तोनित्से इथं १९२५ साली भाजक्या मातीची एक बाई मिळाली, पंचवीस हजार वर्षांहून जुनी. तिच्या पाठीवर लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे. माती ओली असताना उमटलेला. या एका ठशावर मी विद्वानांचे शंभर ग्रंथ ओवाळून टाकीन. "हात लावू नकोस, ओलंय अजून!" हे वाक्य पंचवीस हजार वर्षांपूर्वी कुठल्या भाषेत म्हणत असतील, कोण जाणे, पण म्हटलं गेलंच असणार, आणि तेवढ्यात हात लागलेलाही असणार.

उलट बाजूचं उदाहरणही देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मी सगळ्याच देव्यांना बाहुल्या करायला निघालो. मध्य प्रदेशात सीधी जिल्ह्यात बाघोर इथं जी. आर. शर्मा आणि डेझमंड क्लार्क यांच्या पथकाला दगडांचा एक गोल ओटा मिळाला. दहा हजार वर्षांच्याही आधीचा. त्यावर एका रंगीत दगडाचे तुकडे. जोडल्यावर त्रिकोण झाला, त्रिकोणात त्रिकोणाच्या नैसर्गिक रेघा. साहेब विचारात पडले. आसपासच्या कोल आणि बैगा लोकांना मात्र विचार करावा लागला नाही. असेच दगड असेच ओटे करून ते आजही मांडतात. ही आई आहे, एवढं त्यांनी सांगितलं. पुढं १९८३ साली यावर जो निबंध आला, त्याच्या शीर्षकात अश्मयुगातलं देवस्थान म्हटलंय, पण शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ते मला फार आवडलं. आकार दहा हजार वर्षं टिकला म्हणून अर्थही तसाच टिकला, असं थोडंच आहे! आम्हाला स्वतःच्या आडनावाचा अर्थ तीन पिढ्यांमागं सांगता येत नाही. पण ज्यांच्या घरात ती वस्तू अजून हाताळली जाते त्यांना आधी विचारावं, एवढं सौजन्य त्या पथकानं दाखवलं. गोदाकाठी आमच्याकडं शेंदूर लावलेले सात दगड असतात, आसरा. त्या कोण, कुठल्या, असं विचारलं तर नावाडी म्हणतो, "आसरा हायत." पुढं काही नाही. त्याच्या दृष्टीनं वाक्य पूर्ण झालेलं असतं.

आता ती घरगुती भानगड. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. शहाऐंशी वर्षांची होती; सगळं व्यवस्थित झालं. दिवसवार आटोपल्यावर बहीण नांदेडला आणि भाऊ पुण्याला परतण्याआधी आईची ट्रंक उघडली. वर लुगडी, मध्ये पोथ्या आणि बँकेची पासबुकं, आणि तळाशी, मऊ झालेल्या एका लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली लाकडाची ठकी. वीतभर उंच, हात अंगाला चिकटलेले, पाय नाहीतच. नाकडोळे पार झिजून गेलेले. सबंध अंगाला तेल. जुनं वाळलेलं नव्हे. करडईच्या तेलाचा वास येत होता. म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत लावलेलं.

आम्हा तिघांपैकी कुणीही ती कधी पाहिली नव्हती. साठ वर्षं एका घरात!

बहीण म्हणाली, ही देवी. आईच्या माहेरची, गंगाखेडकडची कुठलीशी. देवीलाच तेल लावतात. भाऊ इंजिनिअर आहे. तो म्हणाला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून कुणीही तेल लावील, ही आईच्या लहानपणची बाहुली, आणि जुनी असल्यामुळं संग्रहालयवाले आनंदानं घेतील. माझी बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "तेल बाळालाही लावतात." यावर कुणी काही बोललं नाही.

घरात आईच्या पिढीचं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे आत्या. नव्वदी ओलांडलेली, कानानं अधू. ठकी तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी केली, सुलटी केली, अंगठ्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"तिची हाय ही," ती म्हणाली.

"आईची?"

"तिची रे बाबू."

"म्हणजे कुणाची, आत्या?"

"अरे, तिचीच की!" आत्या वैतागली, आणि चहा मागू लागली.

आमच्या आधी एक मुलगी झाली होती आणि दीड वर्षाची होऊन गेली, एवढं मला ठाऊक होतं. तिचं नाव घरात कधी निघालं नाही. आत्याच्या 'तिची'त ती मुलगी होती, की आई होती, की कुणी तिसरीच, देवळातली, ते आत्याला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात आत्याही गेली.

राहिला प्रश्न ठकीचा, आणि तो बोलायला वाटतो तितका सोपा नाही. गोदावरीत विसर्जन करावं तर ती देवी ठरते. नातीला खेळायला द्यावी तर बाहुली ठरते. संग्रहालयात द्यावी तर तिथं चिठ्ठी लागेल: 'लाकडी स्त्रीप्रतिमा, मराठवाडा, उपयोग बहुधा धार्मिक.' तिन्हींपैकी काहीही केलं, तरी आई साठ-पासष्ट वर्षं दुपारी सगळे निजल्यावर ट्रंक उघडून जे काही करत होती, त्याचा निकाल आम्ही लावून टाकणार. आणि तो लावायचा हक्क आम्हाला कुठून आला? वारसा हक्कानं ट्रंक मिळते, लुगडी मिळतात, पासबुकातले अकराशे रुपये मिळतात. जे तिनं आम्हाला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, ते कोणत्या कायद्यानं मिळतं? इनामगावच्या त्या घरातल्या बाईनं डबा जमिनीत पुरला तेव्हा तिच्या डोक्यात डेक्कन कॉलेज खासच नव्हतं. खणू नये असं मी म्हणत नाही. खणलं नसतं तर दोन मडक्यांतली ती मुलं मला कळली नसती, आणि ट्रंक उघडली नसती तर... असो. सांकलियांची निदान त्या बाईशी ओळख तरी नव्हती. माझी होती.

भाऊ अधूनमधून पुण्याहून फोन करतो. "काय ठरलं ठकीचं?"

"बघू," मी म्हणतो. बहिणीला वाटतं मी आळशी आहे. तेही खरंच आहे.

सध्या ती देवघराखालच्या फडताळात असते. वरच्या बाजूला देव, खालच्या बाजूला काड्यापेट्या, फुलवाती आणि नातीचे खडू. नात तिला कधी बाहेर काढते, भिंतीशी बसवते, खोटा चहा पाजते आणि विसरून जाते. मग कुणीतरी उचलून पुन्हा फडताळात ठेवतं. परवा दुपारी पाणी प्यायला उठलो तर ही जमिनीवर बसून ठकीला तेल लावत होती. वाटी करडईच्या तेलाचीच. मी दोन वर्षांतल्या सगळ्या वाचनाचा भार आवाजात आणून विचारलं, "का गं? काय म्हणून लावतेस?"

"कोरडी पडली होती," ती म्हणाली, आणि तिला पालथी करून पाठीला लावू लागली.